हीटरचा दिवा लागतो, तरी सकाळी ट्रॅक्टर सुरू होईना (जांबोटी भाग)

बांधावरचा | १४ डिसेंबर, सकाळी ८:१०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

गाव आमचं खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडं जाताना लागतं. दोन वर्षांमागं एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. तीन सिलेंडर, १८ एचपी. आमची खाचरं लहान, बांधाबांधातनं वळायचं, मोठा ट्रॅक्टर आमच्यात फिरतच नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, म्हातारा झालेला ट्रॅक्टर आहे, त्यात कंपनीचा काय दोष?

रोग असा आहे. दुपारी ऊन वर आलं की अर्ध्या सेल्फला सुरू. सकाळी सहा-साडेसहाला मात्र पंधरा-पंधरा सेकंद सेल्फ मारला तरी नुसता पांढरा धूर. तीन-चारदा मारलं की बॅटरी बसते. मग आम्ही चौघं मिळून उतारावरनं ढकलतो. शेजारच्या काकांनी परवा विचारलंच, "ट्रॅक्टर घेतलास की हातगाडा?"

मागच्या थंडीत एवढा त्रास नव्हता. चावी हीटरवर धरली की डॅशवरचा दिवा लागतो, थोड्या वेळानं विझतो, मग मी सेल्फ मारतो. म्हणजे हीटर चांगला आहे. एका मिस्त्रींनी सांगितलं की डिझेलचा पंप आणि नोझल (डिझेलचा फवारा मारणारे) काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून जुळवायला, पाठवायचे, अठरा हजारांच्या घरात जाईल. "त्यानं नाही झालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला हवेचा दाब, गेलंय समजायचं, मग इंजिनच खोलू." भाताचे पैसे आत्ता कुठं हातात आलेत. काय करू सांगा.

सरीवरंबा | १४ डिसेंबर, सकाळी ९:०२

भावा, डिझेलला कसला हीटर न् कसला प्लग? प्लग पेट्रोलच्या गाडीला. आठ वर्षं झाली कागवाड-उगार पट्ट्यात उसाची डबल ट्रॉली ओढतोय, पहाटे चारला फडात असतो. चावी फिरवली की गडी चालू. तुला विकणाऱ्यानं गंडवलंय. नाहीतर डिझेलच्या नळीत एअर धरली असेल. फिल्टरचा बोल्ट सैल कर, हातपंप मार, बुडबुडे संपले की आवळ. फुकटातलं काम.

बांधावरचा | १४ डिसेंबर, सकाळी ९:४०

एअर दोनदा काढली दादा. आणि एअर धरली असती तर दुपारी तरी कसा सुरू झाला असता?

उद्यमबाग_फिटर | १४ डिसेंबर, दुपारी १:१५

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळं तुटक वाटलं तर माफी.

सरीवरंबा, तुमच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नावापुढं 'डीआय' असणार. आजच्यापुरतं त्या दोन अक्षरांकडं नीट बघा. डायरेक्ट इंजेक्शन. डिझेलचा फवारा थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत पडतो. आपल्याकडचे बहुतेक मोठे ट्रॅक्टर असेच आहेत आणि आपल्या हवेत त्यांना हीटरची गरज पडत नाही. तुम्ही म्हणताय ते तुमच्यापुरतं खरं.

छोट्या ट्रॅक्टरांचं वेगळं असतं. व्हीएसटीचे मित्सुबिशी इंजिनवाले, कुबोटाचे लहान, ह्यांच्या हेडमध्ये (सिलेंडरवरच्या झाकणात) प्रत्येक सिलेंडरला एक छोटी गोल खोली असते. फवारा आधी त्या खोलीत, तिथं पेट घेतला की ज्वाळ अरुंद गळ्यातून सिलेंडरमध्ये शिरते. ह्याला आयडीआय म्हणतात, म्हणजे इनडायरेक्ट. आवाज मऊ येतो, लहान इंजिन जास्त आरपीएमवर फिरू शकतं. पण खोलीला भिंती आल्या, आणि भिंती उष्णता खातात.

डिझेलला ठिणगी लागत नाही हे बरोबर. हवा इतकी दाबायची की ती पाच-सहाशे अंशांच्या पुढं तापली पाहिजे. डिझेलला आपोआप पेट घ्यायला त्याच्या निम्मंही पुरतं, सव्वादोनशे-अडीचशे. पण हे सगळं गरम इंजिनाचं गणित. थंडीतल्या सकाळी पितळेच्या गार पेल्यात उकळता चहा ओतून बघा, पेला तापतो आणि चहा कोमट होतो. खोलीत तेच होतं. म्हणून आयडीआय इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त ठेवलेलं असतं (डीआयला साधारण १६ ते १९ पट, ह्यांना २० च्या वर), आणि तरीही त्या खोलीत एक ग्लो प्लग, म्हणजे तुमचा हीटर, ठेवावा लागतो. त्याचं टोक आठशे-हजार अंशांपर्यंत लालबुंद होतं. फवाऱ्याची कड त्याला लागली की पेट घेतो, आणि एकदा दोन-चार फेरे झाले की पुढं इंजिन स्वतःच्या उष्णतेवर चालतं.

बांधावरचे, पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे पंप डिझेल पाठवतोय आणि नोझल ते आत टाकतोय. गरम असताना अर्ध्या सेल्फला सुरू होतो, म्हणजे कॉम्प्रेशनही बऱ्यापैकी आहे. पंपाला हात लावू देऊ नका. आधी ग्लो प्लग तपासा.

बांधावरचा | १४ डिसेंबर, दुपारी १:३२

पण दिवा लागतो की हो!

जुनं_लोखंड | १४ डिसेंबर, रात्री ९:२०

दिव्यावरनं आठवलं. निपाणीचा आहे मी, वय ६८, चालवून घ्या.

आमच्या आबांकडं इंटरनॅशनलचा बी-२७५ होता. महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली कंपनी काढली, तिथला. त्या इंजिनालाही असलीच खोली होती आणि हीटर होता. चार सिलेंडरला चार प्लग, एकाच्या शेपटीला दुसरा जोडलेला. आणि डॅशवर जाळीच्या मागं एक वळसे घातलेली तार. बटण धरलं की ती तार हळूहळू तापायची. आधी काळपट, मग तांबूस, मग कुंकवासारखी. आबा म्हणायचे, "कुंकू दिसलं की सेल मार, आधी मारशील तर बॅटरी पण जाईल आणि माझी झोप पण." पोरं म्हणून आम्हाला त्या तारेचं फार अप्रूप. तंबाखूच्या खळ्यावर पहाटे अंधारात तेवढी एकच लाल गोष्ट दिसायची. हात शेकायला जवळ न्यायचो तर आबांचा रट्टा.

मुद्द्यावर येतो. ती तार कधी लालच झाली नाही तर समजायचं चारपैकी एक प्लग तुटला, कारण एकात खंड पडला की सगळ्यांचा करंट बंद. आणि धरल्या धरल्या भक्कन् लाल झाली तर समजायचं की कुठंतरी शॉर्ट आहे. तार खोटं बोलूच शकत नव्हती. प्लगचा करंट तिच्या पोटातनंच जायचा ना!

तुमच्या डॅशवरच्या दिव्याच्या पोटातनं काय जातंय ते एकदा फिटरना विचारा.

उद्यमबाग_फिटर | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

तात्या, शंभर गुण. मी दिवसभर हेच कसं समजवावं ह्या विचारात होतो.

आताच्या ट्रॅक्टरांत प्लग पॅरलल जोडलेले असतात. एक पट्टी असते, तिच्यावर तिन्ही प्लगची डोकी बसवलेली. एक मेला तरी उरलेले दोन चालू राहतात, ही झाली सोय. पण दिव्याची वायर वेगळी असते. दिवा टायमरवर लागतो आणि टायमरवर विझतो. तिन्ही प्लग काढून खिशात घातले तरी दिवा तसाच लागेल आणि तसाच विझेल. त्याचा अर्थ एवढाच की "साहेब, थांबायची वेळ संपली." आत कुणी तापलं का, हे त्याला माहीतच नाही.

पुणे_५२ | १४ डिसेंबर, रात्री ११:४०

मूळचा बेळगावचा, सध्या पुण्यात ऑटोमोबाईल क्षेत्रात. एक भर घालतो. वर बी-२७५ चा उल्लेख आला. पुढे त्याच नावाचा 'बी-२७५ डीआय' आला, तेव्हा ती खोली गेली आणि हीटरही गेला. म्हणजे ट्रॅक्टरच्या नावातच त्याचा इतिहास लिहिलेला असतो. मॅसी फर्ग्युसन ३५ चंही तसंच झालं. सुरुवातीचं चार सिलेंडरचं डिझेल इंजिन हीटर प्लगवालं होतं आणि थंडीत सुरू होण्याबाबत बदनाम होतं. मग तीन सिलेंडरचं पर्किन्स बसवलं, ते डायरेक्ट इंजेक्शनचं. त्यात प्लगऐवजी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) 'थर्मोस्टार्ट' असतो. त्याची तार तापली की त्यातून थेंब थेंब डिझेल झिरपतं, मॅनिफोल्डमध्येच जळतं आणि आत जाणारी हवा तापवतं. त्याच वंशातले मॅसी आपल्याकडे अजून खूप आहेत. त्यांच्या मालकांनी ग्लो प्लग शोधत बसू नये, सापडणार नाही.

आणि हो, बेळगावकर म्हणून राहवत नाही म्हणून सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. नांगर, इंजिनं हे सगळं पुढचं. म्हणजे ह्या सगळ्या खटाटोपाची मुळं...

सरीवरंबा | १५ डिसेंबर, पहाटे ४:४८

पुणेकर, सायकलीवरनं उसाची ट्रॉली ओढायची काय आता? मुद्द्यावर या.

फिटरसाहेब, मान्य, चुकलो. डीआय लिहिलंय आमच्यावर. आजवर स्टिकर म्हणून बघत होतो. पण आमचा ४५ वाला पण थंडीत पाच मिनिटं पांढरा धूर टाकतो, सुरू मात्र होतो. त्याला तर हीटर नाही म्हणताय.

उद्यमबाग_फिटर | १५ डिसेंबर, सकाळी ७:३०

सुरू होऊन पाच मिनिटांत धूर थांबतो ना? मग इंजिन तापेपर्यंतचा तो. डीआयमध्ये तो वाढत गेला तर आधी बॅटरी बघा, सेल्फ फिरवताना दहा व्होल्टच्या खाली फार जाता कामा नये. मग ऑइल. फार जाड ऑइल थंडीत गुळाच्या काकवीसारखं होतं आणि इंजिन हळू फिरतं. हळू फिरलं की दाबलेली हवा भिंतींना उष्णता द्यायला मोकळी. त्यानंतर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (फट), मग नोझल. ह्याच क्रमानं. सगळे उलट्या क्रमानं जातात, कारण नोझलवाला दुकान उघडून बसलेला असतो.

दूधगंगाकाठ | १५ डिसेंबर, सकाळी १०:१५

मी चिक्कोडी भागातून. मिस्टर फौजेत, त्यामुळे ट्रॅक्टर माझ्याच हातात. आमचाही छोटाच आहे, हीटरवाला. माझा अनुभव सांगते. दिवा विझला तरी मी लगेच सेल्फ मारत नाही, चावी तिथेच धरून मनात आणखी पाच मोजते. डिसेंबर-जानेवारीत एकूण पंधरा-वीस होतात. उन्हाळ्यात पाच पुरतात, इंजिन गरम असेल तर तेही नाही. एकदा मिस्टर सुट्टीवर आले होते, मला म्हणाले, "एवढं काय जप करत बसलीस?" आणि थेट सेल्फ मारला. चार वेळा मारला. मग मी चावी घेतली.

फार वेळ धरून ठेवायचं नाही बरं का, बॅटरी खातो हीटर. आमच्या पुस्तकात अर्धा मिनिटाच्या वर धरू नका असं लिहिलंय. ज्याचं त्यानं आपापलं पुस्तक बघावं.

बांधावरचा | १५ डिसेंबर, सकाळी ११:००

ताई, तुम्ही भारी. फिटरदादा, आता तपासायचं कसं ते सांगा. आमच्याकडं मोटरपंपाचं काम करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडं मीटर आहे.

उद्यमबाग_फिटर | १५ डिसेंबर, दुपारी १:२०

इंजिन गार असताना करा. आधी ती पट्टी काढा, म्हणजे तिन्ही प्लग एकमेकांपासून सुटे होतील. हे विसरलात तर एक चांगला प्लग बाकी मेलेल्यांना झाकतो आणि मीटर फसवतो. मग मीटर ओहमवर, एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला. रंगावर लावू नका. चांगला प्लग अर्धा ते दोन ओहमच्या दरम्यान दाखवतो. काटा हललाच नाही तर तो गेला.

मीटर नसला तर टेस्ट लॅम्प. बॅटरीच्या प्लसला एक टोक, दुसरं प्लगच्या डोक्याला. दिवा पेटला तर प्लगमध्ये तार अखंड आहे.

एक मात्र ऐका. प्लग बाहेर काढून बॅटरीवर लावून बघायची सगळ्यांना हौस असते, टोक लाल होताना बघायला मजा येते हे खरंच आहे. पकडीत धरा, हातात नाही. चांगल्या प्लगचं टोक आधी लाल होतं. टोक काळंच आणि मधला भाग लाल, तर तोही फेकायचा. आणि प्लगवर किती व्होल्ट छापलंय ते वाचल्याशिवाय १२ व्होल्टवर लावू नका. काही प्लग कमी व्होल्टचे असतात, मिनिटभरात राख.

खळ्यातला_कुत्रा | १५ डिसेंबर, रात्री ८:३३

एवढा उपद्व्याप कशाला? फडकं डिझेलमध्ये बुडवा, पेटवा, एअर क्लीनरच्या तोंडाशी धरा, दुसऱ्यानं सेल्फ मारायचा. फट्कन चालू. आमच्याकडं बापजाद्यापासून असंच करतात.

जुनं_लोखंड | १५ डिसेंबर, रात्री ९:१०

बापजाद्यांच्या भुवया बघितल्यास का कधी?

आमच्या गल्लीत एकानं असंच केलं. जुना ऑइलबाथ एअर क्लीनर, त्याच्या वाटीत तेल. जळकं फडकं आत ओढलं गेलं. ट्रॅक्टर सुरू झाला, खोटं नाही सांगत. पण नंतरचा अर्धा तास आम्ही वाळू टाकत होतो.

पुणे_५२ | १५ डिसेंबर, रात्री ११:०२

तात्यांशी सहमत. त्याहून वाईट म्हणजे व्हिडिओ बघून ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारणं. ज्या इंजिनात ग्लो प्लग किंवा मॅनिफोल्ड हीटर आहे त्यात ईथर कधीही मारू नये. आत आधीच लालबुंद टोक वाट बघत असतं. पिस्टन वर येण्याआधीच भडका होतो. रिंगा, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कशाचीही वाट लागू शकते. पेट्रोलचं फडकं हुंगवणं हाही तोच प्रकार.

बांधावरचा | १७ डिसेंबर, सायंकाळी ७:५०

तपासलं. मित्र नंदगड बाजूचा, कानडी-मराठी मिसळून बोलतो. पट्टी काढली. पहिला प्लग १.१ ओहम. दुसरा, काही नाही. तिसरा, काही नाही. त्यानं मीटर बाजूला ठेवला आणि म्हणाला, "हीटर होग्यादरी. एरडू."

म्हणजे तीनपैकी दोन मेलेले. एका सिलेंडरवर बिचारा सकाळी धडपडत होता, आणि मी दिव्याच्या भरवशावर दोन वर्षं हीटर चांगला म्हणून सांगत फिरलो. मागच्या थंडीत बहुतेक एकच गेलेला असणार. म्हणून तेव्हा तीन-चार सेकंद फटफटून मग तिन्ही चालायचे, मी म्हणायचो थंडी आहे.

आता प्रश्न, दोन बदलू की तिन्ही?

सरीवरंबा | १७ डिसेंबर, रात्री ८:१५

दोन. चांगल्या बैलाला कोण विकतं?

दूधगंगाकाठ | १७ डिसेंबर, रात्री ८:४०

तिन्ही. आम्ही एक ठेवला होता, तो पुढच्या दिवाळीत गेला. पुन्हा तेच काम.

उद्यमबाग_फिटर | १७ डिसेंबर, रात्री १०:३०

मी तिन्ही म्हणेन, पण जुना चांगला फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा. दुकानात जुना प्लग घेऊन जा. नुसता ट्रॅक्टरचा एचपी सांगून आणू नका. आटे, लांबी, व्होल्ट, तिन्ही जुळलं पाहिजे. लांब प्लग बसला तर टोक फवाऱ्यात जास्त घुसतं आणि जळून जातं, आखूड बसला तर खोलीत पोचतच नाही. बसवण्याआधी भोकातला कार्बन अलगद साफ करा. आणि आवळताना दंडाची ताकद दाखवू नका, हे लहान आटे आहेत.

बांधावरचा | २१ डिसेंबर, सकाळी ७:०५

काल बेळगावातनं तिन्ही प्लग आणले, संध्याकाळी बसवले. आज सकाळी सहाला मोठ्या आशेनं गेलो. दिवा लागला, विझला, ताईंसारखे पाच मोजले, सेल्फ मारला. फुर्र. दुसऱ्यांदा, पुन्हा फुर्र. तिसऱ्यांदा कसाबसा चालू. पूर्वीपेक्षा बरं, पण ह्याच्यासाठी एवढं केलं का? काका बांधावरच उभे होते. काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

उद्यमबाग_फिटर | २१ डिसेंबर, सकाळी ७:४०

निराश होऊ नका. एक मोजायचं राहिलं. चूक माझी, आधीच सांगायला हवं होतं. चावी हीटरवर धरा आणि त्याच वेळी पट्टीवर किती व्होल्ट येतात ते बघा. पट्टी जोडलेली असताना, प्लग जोडलेले असताना. मोकळ्या वायरवर मोजू नका.

बांधावरचा | २१ डिसेंबर, दुपारी ४:१०

बॅटरीवर १२.४. हीटर चालू असताना बॅटरीवर ११.८. त्याच वेळी पट्टीवर ८.६!

मित्रानं मग वायर हातानं चाचपत नेली. रिलेजवळच्या (हीटरला करंट सोडणाऱ्या स्विचजवळच्या) टर्मिनलला हात लावला आणि चटकन मागं घेतला, चटका बसला. टर्मिनल हिरवंगार, गंजून भुसभुशीत. पावसाळ्यात आमचा ट्रॅक्टर पत्र्याखाली असतो, पण आमच्या भागातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आडवा येतो.

उद्यमबाग_फिटर | २१ डिसेंबर, सायंकाळी ६:३०

सापडला चोर. तीन व्होल्टच्या वर तिथंच जळत होते. एकेक प्लग दहा-बारा अँपिअरच्या आसपास खातो, सुरुवातीला त्याहून जास्त. तिन्ही मिळून तीस-पस्तीस अँपिअर. एक प्लग होता तेव्हा करंट कमी, म्हणून गंज एवढा बोचत नव्हता. तीन चांगले लावल्यावर त्याचं खरं रूप दिसलं. आणि व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आलं की प्लगची उष्णता निम्म्यावर येते, व्होल्टेजच्या वर्गाचा हिशेब असतो. ८.६ व्होल्टवर प्लग लाल नाही, नुसता ऊन झाला असेल.

टर्मिनल कापून नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावा, घासून पुन्हा तेच नको. बॅटरी आणि इंजिनाच्या मधली अर्थिंगची पट्टीही सोडून घासून बसवा. वर थोडं ग्रीस. मग परत मोजा, अकराच्या पुढं आलं पाहिजे.

पुणे_५२ | २१ डिसेंबर, रात्री ९:५५

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पॅरललमुळे सोय झाली, पण बिघाड लपायची जागाही झाली. तात्यांच्या आबांच्या तारेनं हे दोन्ही बिघाड पहिल्याच सकाळी दाखवले असते. मेलेला प्लग असता तर तार काळी, गंजलेलं टर्मिनल असतं तर तार तांबूसच राहिली असती. ज्यांना हौस आहे त्यांनी पट्टीच्या वायरवर एक साधा अँमीटर बसवून घ्यावा. पन्नास अँपिअरचा चालेल.

सरीवरंबा | २२ डिसेंबर, पहाटे ५:०१

किंवा फडकं... चेष्टा करतोय, चेष्टा.

बांधावरचा | २३ डिसेंबर, सकाळी ६:५५

नवीन लग, नवीन वायर, अर्थिंग साफ. पट्टीवर ११.३.

आज कडक थंडी होती, खाचरात धुकं गुडघ्याएवढं. चावी हीटरवर धरली. दिवा विझला. त्याच्याकडं बघायचंच सोडून दिलंय आता, मी पंधरा मोजले. सेल्फ मारला, दोन सेकंदही नाही. तिन्ही सिलेंडर एकदम. धूर थोडासा, मिनिटभरात गेला.

खर्च: तीन प्लग, एक लग, हातभर वायर आणि मित्राला मटण. मटण सगळ्यात महाग पडलं.

दूधगंगाकाठ | २३ डिसेंबर, सकाळी ७:३०

अभिनंदन दादा! आणि सुरू झाल्या झाल्या लगेच रोटर लावून पळवू नका. दोन-तीन मिनिटं हळू आरपीएमवर राहू दे त्याला.

जुनं_लोखंड | २३ डिसेंबर, सकाळी ९:००

काका काय म्हणाले?

बांधावरचा | २३ डिसेंबर, सकाळी ९:१२

विचारलं, "पंप केलास काय रे?" मी म्हटलं, नाही. मग त्यांनी पंधरा मिनिटं ट्रॅक्टरभोवती फिरून काय केलं ते शोधलं. सापडलं नाही.

हुक्केरी_हरभरा | ५ जानेवारी, रात्री ८:२०

धागा वाचून माझाही तपासला, मधला प्लग गेलाय. पण तो निघतच नाही. पाना लावला तर प्लगचं सगळं अंग मुरगळल्यासारखं वाटतंय, सुटत नाही. जोर लावू का?

उद्यमबाग_फिटर | ५ जानेवारी, रात्री ९:४५

थांबा! अजिबात नाही. मुंडी तुटून बाकीचा हेडमध्ये राहिला तर हेड उतरवावं लागेल, आणि मग खरंच अठरा हजार.

मुळाशी गंज सोडवायचं तेल सोडा, रात्रभर मुरू दे. सकाळी ट्रॅक्टर कसाही करून सुरू करा, चांगला तापू दे, मग बंद करून गरम असतानाच पाना लावा. थोडा सैल, थोडा आवळ, पुन्हा तेल, पुन्हा थोडा सैल. करकर आवाज आला की थांबायचं. आज नाही सुटला तर उद्या परत तेल. दोन प्लगवर सकाळी ओढाताण होईल पण चालेल. फारच घट्ट असला तर सुगी उरकेपर्यंत तसाच राहू दे, मग माझ्याकडं घेऊन या, घाई नसताना काढू.